पामर्स्टन नॉर्थ ते कोल्हापूर

आपल्याकडे कुणी 'किती लांब?' असं विचारलं, की उत्तर मैलांत क्वचितच मिळतं. 'चार तास', 'एक झोप झाली की पोचाल', नाहीतर 'हाकेच्या अंतरावर'. माझ्या सासूबाई कोल्हापूरच्या. त्यांची नात, म्हणजे आमची लेक, जनावरांची डॉक्टर व्हायला पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात गेली. न्यूझीलंडमध्ये हे शिक्षण तेवढ्या एकाच ठिकाणी मिळतं. तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "आमच्यापासनं किती लांब गं ते?"

संगणकाने सांगितलं, सरळ रेषेत सुमारे १२,१०० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने १५ तास. सासूबाई खूश! "मग काय, सकाळी निघाली की रात्री जेवायला इथं!"

पण त्या सरळ रेषेवरून एकही विमान जात नाही. कोल्हापूरचं विमानतळ १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं, आणि छोटं. पामर्स्टन नॉर्थचंही छोटंच. त्यामुळे प्रवासाचे चार टप्पे होतात. पामर्स्टन नॉर्थ ते ऑकलंड ३७५ किलोमीटर, सव्वा तास. ऑकलंड ते सिंगापूर ८,४००, सुमारे ११ तास. सिंगापूर ते मुंबई ३,९००, साडेपाच तास. मुंबई ते कोल्हापूर ३१०, एक तास. बेरीज १३,००० किलोमीटर आणि पावणेएकोणीस तास. म्हणजे वळसा फक्त ९०० किलोमीटरचा.

हा हिशेब प्रत्यक्षात उतरला २०२३ च्या जूनमध्ये. सासूबाई अंगणात घसरल्या, खुबा मोडला. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. त्यांचा एकच हट्ट, "आधी नातीला बघू दे."

लेक मंगळवारी दुपारी साडेतीनला खोलीतून निघाली. पुढच्या विमानाला अवकाश होता, म्हणून ऑकलंडहून तिला फ्लॅट बुशला घरी आणून गरम पिठलं-भात खाऊ घातला आणि मध्यरात्रीच्या आत परत पोचवलं. बुधवारी दुपारी तीनला ती मुंबईत उतरली. इथपर्यंत सगळं वेळेवर. पण त्या दिवशी पुढे कोल्हापूरला विमानच नव्हतं! मग धो-धो पावसात गाडीने खंडाळ्याचा घाट, पुणे, सातारा, कऱ्हाड असे ३८० किलोमीटर. घरी पोचली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. घरापासून घरापर्यंत ४० तास.

सकाळी आत नेण्याआधी आजी-नातीची भेट झाली. आजीचा पहिला प्रश्न, "जेवलीस का?" ऑपरेशन नीट झालं. आता त्या काठी टेकत देवळात जातात.

तेव्हापासून मला वाटतं, आपल्या छोट्या गावांचं अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. आठवड्यात किती फेऱ्या आणि कोणत्या वारी, यात मोजावं. सिंगापूरचं विमान चुकलं तर दुसरं मिळतं. गावचं चुकलं तर दिवस जातो. मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांचं गाव मुंबईच्या पुढे आहे. त्या शेवटच्या टप्प्याचे वार, रात्रीची रेल्वे आणि एका भरवशाच्या गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. फोन कधी वाजेल, सांगता येत नाही.