इथले राघू, तिथले राघू

मैत्रिणींनो, गडहिंग्लज म्हटलं की तुम्हाला आठवणार ती मिरची. उन्हाळ्याच्या तोंडावर चटणीच्या खरेदीसाठी गेलात, तर बाजार उरकून लगेच परतीची एस.टी. पकडू नका. कोल्हापूरहून निपाणी-संकेश्वरमार्गे यायचं म्हणजे वाटेत कर्नाटकात शिरून पुन्हा महाराष्ट्रात यायचं. एवढ्या प्रवासानंतर हिरण्यकेशीच्या काठी तासभर तरी बसायला नको का?

काठावरच्या एखाद्या जुन्या झाडाकडे बघत राहा. माघ-फाल्गुनात ढोलीच्या तोंडाशी राघूची जोडी दिसेल. सुताराने किंवा तांबटाने कोरलेली ढोली राघू आयतीच घेतो आणि चोचीने मोठी करतो. साळुंकी तिथेच टपलेली असते. मग जी भांडणं जुंपतात, ती अगदी चाळीतल्या नळावरची! पण हे घरचं भांडण. हजारो वर्षं दोघं एकत्र नांदलेत.

हेच दोन पक्षी मॉरिशसला गेले आणि तिथे दांडगे ठरले. मॉरिशस आपल्याला काही परकं नाही हं. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. साळुंकी त्यांच्याही आधी गेली, अठराव्या शतकात, टोळ खाण्यासाठी मुद्दाम नेलेली. राघू पिंजऱ्यातून सुटले १८८६ च्या सुमारास.

त्या बेटाचा स्वतःचाही एक राघू आहे, ‘एको पॅराकीट’. आपल्यापेक्षा गर्द हिरवा, शेपटी आखूड. त्याला जुनं रान लागतं, तिथलीच फळं लागतात. रान तोडून ऊस लावला गेला आणि उरलेल्या मोजक्या ढोल्यांवर आमचे राघू नि साळुंक्या जाऊन बसल्या. आपल्या राघूला काय, बाग चालते, शेत चालतं. त्या बिचाऱ्याला दुसरं घरच नाही. १९८० च्या दशकात तो जेमतेम दहा-बारा उरला होता!

कार्ल जोन्स हे पक्षितज्ज्ञ १९७९ मध्ये तिथे गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या, खाणं ठेवलं, अशक्त पिल्लं हातांवर वाढवली. बाळंतिणीची खोली सांभाळावी तसं हे काम. २००४-०५ मध्ये चोच-पिसांच्या विषाणूची साथ आली. तोच विषाणू आपल्या राघूंतही सापडला. तरीही आज तिथे काही शे पक्षी आहेत.

जाता जाता एक. घरात पिंजऱ्यातला राघू असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि दुकानातले परदेशी लव्हबर्ड्‌स मोकळे सोडण्यात पुण्य नाही.

वेळ असेल तर सामानगडही करा. १८४४ चं गडकऱ्यांचं बंड इथलंच. सकाळी लवकर चढा. ऊन तापलं की पाखरं गप्प होतात. पाणी आणि दशम्या घरूनच न्या.