पहिली घोडी

मुलाला घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या पहिल्या घोडीचे आयुष्य ते मूल तिच्या पाठीवर बसण्याच्या दहा-बारा वर्षे आधी सुरू झालेले असते. ती वर्षे तिने कुठे, कोणाच्या हाताखाली आणि काय काम करत काढली, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. घोडी घ्यायला निघालेले घर मात्र बहुधा रंग पाहते, आयाळ पाहते आणि वय कमी असेल तितके बरे असे समजते. मुलगी आठ वर्षांची आहे, तेव्हा शिंगरूच घ्यावे, दोघे बरोबर वाढतील, हा विचार ऐकायला गोड आणि प्रत्यक्षात धोक्याचा आहे. शिंगराला माणूस पाठीवर घेणे म्हणजे काय हेच माहीत नसते, आणि मुलीला लगाम कसा धरायचा ते ठाऊक नसते. दोघींपैकी एकीला तरी काम येत असले पाहिजे.

महाराष्ट्रात अशी घोडी तयार होण्याची एक जुनी जागा म्हणजे मेंढपाळ धनगरांचा वाडा. भीमेच्या खोऱ्यातली बुटकी, काटक भीमथडी घोडी पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या धनगरांनीच आजवर सांभाळली. मराठ्यांच्या फौजांबरोबर मुलूखभर फिरलेली दख्खनी तट्टे याच मातीतली. मधल्या काळात तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. अलीकडे मात्र भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत पायांवर उभे राहते आणि वाड्यावरचे असेल तर थोड्याच दिवसांत आईच्या मागे चालू लागते. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाकडे उतरतात तेव्हा बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असते. घोंगड्या, भांडी, पालाचे कापड, चालून दमलेली कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसवलेले एखादे लहान मूल. शिंगरू हे पाहत वाढते. घाटातले ट्रक, नदीचे पाणी, अंगावर येणारी गावातली कुत्री, रात्री पालाभोवती चालणारी माणसे यांची त्याला नवलाई उरत नाही. पाठीवर मूल ओरडले किंवा कोंबडी फडफडली म्हणून उधळायचे नसते, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. तरी ते शिकते, आणि मुलाच्या घोडीत सर्वांत आधी पाहायचा गुण हाच.

घोडीच्या पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. त्याआधी हलके काम द्यावे, जड स्वार देऊ नये. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच मैदानात उतरतात आणि त्यांतले पुष्कळसे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत निवृत्त होऊन कमी किमतीत मिळू लागतात. उंच, सडपातळ, चकचकीत घोडा स्वस्तात मिळतो म्हणून पालक भुलतात. त्या घोड्याने आयुष्यात शिकलेले असते ते एवढेच की शेजारी दुसरा घोडा पळू लागला की आपण त्याच्या पुढे जायचे. त्यात त्याचा काही दोष नाही. जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन-तीन वर्षे राहिल्यावर त्यांतले कित्येक उत्तम होतातही. पण नऊ वर्षांच्या मुलाने ते शिकवणे पत्करू नये.

म्हणून वय पाहायचे ते आठ ते पंधराच्या दरम्यानचे. बाजारात प्रत्येक घोडी सहा वर्षांचीच असते, तेव्हा तोंड उघडून पाहण्याला पर्याय नाही. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरते. खालच्या दातांच्या माथ्यावर काळपट खळगे असतात. ते झिजत जातात, मधल्या दातांतले सहाव्या वर्षी, बाजूच्यांतले सातव्या, कोपऱ्यातले आठव्या वर्षी नाहीसे होतात. त्यानंतर नजर वरच्या ओळीकडे न्यावी. वरच्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीलगत एक उभी तपकिरी खाच उमटते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. शिवाय तरुणपणी खालचे-वरचे दात समोरासमोर उभे भिडतात, वयाबरोबर ते पुढे कलत जातात. चारा आणि पाणी यांमुळे वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, पण सहा आणि सोळा यांतला फरक या खुणा लपू देत नाहीत.

आता बाजार. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही घोडी येतात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडची, देशी मिसळीची अशी सगळी जनावरे तिथे पाहायला मिळतात. पण किंमत लागते ती देखणेपणाला. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमणाचा भोवरा असलेला, कानांची टोके एकमेकांना टेकणारा, उंचापुरा घोडा लाखांत जातो. अमुक ठिकाणी भोवरा आहे म्हणून चांगली घोडी कोणी घेत नाही, आणि तमुक ठिकाणी आहे म्हणून वाईट घोडीला गिऱ्हाईक मिळते. भोवऱ्याचा आणि स्वभावाचा संबंध नाही. ज्याला मुलासाठी घोडी हवी त्याने अशुभ ठरवलेल्या, डोळ्यांत न भरणाऱ्या, मातकट रंगाच्या घोड्यांकडे आधी वळावे. तिथे पैसाही वाचतो आणि जनावरही बरे मिळते.

वरातीत नाचणारी घोडी मात्र मुलासाठी टाळावी. तिला हलगी-ढोलाच्या ठेक्यावर आणि लगामाच्या ओढीवर पुढचे पाय उचलायला शिकवलेले असते. नवशिके मूल तोल जाऊ लागला की पहिली गोष्ट करते ती लगाम ओढण्याची. घोडी हुकमाची ताबेदार, ती लगेच नाचू लागते, मूल आणखी घाबरते, आणखी ओढते. यात दोघांचेही चुकलेले नसते, पण पडते मूलच.

पसंत पडलेली घोडी विकणाऱ्याने आयती खोगीर घालून दाखवली तर ती पाहणे अपुरे आहे. शक्यतो तिच्या ठाणावर जावे, तेही ती दाव्याला असताना. पाठीवर घामाचे ओले चट्टे असतील तर सकाळपासून पळवून तिला दमवलेले आहे असे समजावे. दमलेली कोणतीही घोडी गरीब वाटते. पकडायला गेल्यावर ती कान मागे पाडते का, कानांना आणि पोटाखाली हात लावू देते का, चारही खूर एकामागून एक उचलू देते का, हे पाहावे. मग कडक जमिनीवर ढिल्या दोरीने तिला दुडकी चालवावी. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना तिचे डोके वर झटकते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. हे एकदा डोळ्यांना कळले की पुन्हा चुकत नाही. पाठीवर आधी मालकाने बसावे, मग घरच्या जाणत्याने, आणि शेवटी मुलाने. ठाणापासून एकटी दूर जाते का, इतर घोडी सोडून निघते का, एसटी शेजारून गेली तर काय करते, आणि थांब म्हटल्यावर थांबते का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाकीचे दुय्यम आहे. यांतही थांबणे पहिले. मंद चालणारी, पुष्कळदा टाच मारावी लागणारी घोडी मुलाला चालते. न थांबणारी चालत नाही.

घोडा की घोडी याबद्दल मते आहेत. फौजेत आणि घोडेस्वारीच्या शाळांत खच्ची केलेला घोडा पसंत करतात, कारण त्याचा स्वभाव बाराही महिने सारखा राहतो. देशी जातींत खच्ची करण्याची चाल कमी, त्यामुळे गावाकडे निवड बहुधा पूर्ण घोडा आणि घोडी यांत करावी लागते, आणि मुलासाठी तिथे घोडीच घ्यावी. माजावर आलेली घोडी चार दिवस कुरकुर करते. जवळ घोडी आलेली पाहिलेला पूर्ण घोडा मुलाचे काहीही ऐकत नाही.

उंची हातांत मोजतात. हात म्हणजे ४ इंच, आणि माप मानेच्या बुंध्याशी, खांद्याच्या सर्वांत उंच जागी घेतात. दहा वर्षांच्या मुलाला बारा-तेरा हातांची घोडी पुरते. भीमथडी साधारण याच मापाची असते. खोगिरासकट स्वाराचे वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावे. अडीचशे किलोच्या घोडीवर ५० किलो झाले की हद्द झाली. पुढे मुलाला पुरेल म्हणून उंच घोडा घेणे हे मोठ्या मापाचा बूट घेण्यासारखे आहे. फरक इतकाच की बुटात कागद कोंबता येतो.

पैसे देण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी आणि रक्ताची चाचणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा रोग घोड्यांतून माणसालाही होतो, आणि कायद्याने त्याची नोंद देणे बंधनकारक आहे. लागण ठरलेली घोडी वाचवता येत नाही. वेदना दबवणारे किंवा गुंगीचे औषध देऊन घोडी दाखवली गेली असेल तर तेही रक्तात सापडू शकते.

घरी आल्यावर घोडीचे खरे शिक्षकपण सुरू होते. पहिले काही दिवस ती नुसती जागा ओळखते. चंदीचा डबा कोण आणतो, फाटक कसे वाजते, खरारा करणारे हात हलके आहेत की घाबरलेले, हे ती ध्यानात ठेवते. तंग आवळताना ती पोट फुगवते, आणि ताबडतोब स्वार झालेले मूल खोगिरासकट एका अंगाला घसरते. पुढच्या वेळी मूल तंग बांधून चार पावले चालवते, पुन्हा आवळते, मगच चढते. ही गोष्ट कितीदा सांगितली असती तरी इतकी पक्की झाली नसती. वाटेत हिरवे गवत दिसले की ती एकदम मान खाली घालते, आणि कोपर ताठ धरलेले मूल मानेवरून ओघळून तिच्या पुढ्यात येते. ती बाजूला होत नाही, पाय टाकत नाही, गवत खात उभी राहते. मूल उठून पुन्हा चढेपर्यंत तिथेच असते. डोक्यावर नीट बसणारे शिरस्त्राण आणि टाचेचा बूट असला तर असे पडणे सहसा निभावते.

तिच्या खाण्याची मात्र मोठ्यांनी काळजी घ्यावी. अडीचशे किलोच्या घोडीला दिवसाला चार-पाच किलो सुका चारा, वीस-पंचवीस लिटर स्वच्छ पाणी आणि कामाच्या मानाने थोडी चंदी पुरते. लाडाने भिजवलेला हरभरा आणि जव वाढवत नेले आणि काम तेवढेच ठेवले, तर गरीब घोडीही टणाटण उड्या मारू लागते. मग घरातले म्हणतात की घोडी बिघडली. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून अवेळी भरपूर दाणा खाल्ला तर पोटशूळ जिवावर बेतू शकतो. दाण्याचे पोते तिच्या तोंडाला लागेल असे ठेवू नये. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा.

तीन-चार वर्षांत मुलाचे पाय पोटाखाली लोंबू लागतात. घोडी लहान पडते. बहुतेक घरांत इथे तिला निरोप मिळतो. क्वचित कोणी तो देत नाही. इंग्लंडमध्ये मॅरियन कोक्स या मुलीसाठी वडिलांनी स्ट्रोलर नावाचा पोनी घेतला होता. तो १९५० साली आयर्लंडमध्ये जन्मला होता आणि उंचीला चौदा हातांहून थोडाच अधिक होता. मुलगी पोनींच्या स्पर्धांच्या वयातून बाहेर पडल्यावर वडिलांना तो विकायचा होता. तिने तो ठेवायला लावला आणि मोठ्या घोड्यांच्या स्पर्धांत उतरवला. १९६५ साली दोघांनी महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत वैयक्तिक रौप्यपदक. पहिल्या फेरीत एकही अडथळा न पाडणारे दोनच घोडे होते, त्यांत हा एक. १९८६ साली छत्तिसाव्या वर्षी तो मेला. असा पोनी विरळा, पण वयाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नीट सांभाळलेली घोडी पंचवीस-तीस वर्षे सहज जगते.

म्हणजे बाराव्या वर्षी घरात आलेल्या घोडीला, मूल उतरल्यानंतरही, दहा-पंधरा वर्षे काढायची असतात. त्यांतली काही वर्षे ती धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला शिकवू शकते, आणि दुसऱ्यांदा शिकवताना ती पहिल्यापेक्षा चांगली असते. विसाव्या वर्षानंतर दाढांना धारदार कोपरे येतात, चारा चघळून गोळे खाली पडू लागतात. वर्षातून एकदा दाढा कानशीने घासून घ्याव्या आणि भुसा-कोंडा भिजवून द्यावा. थंडीत अंगावर झूल घालावी. अशा घोडीला बाजारात उभे केले तर तिला घेणारा बहुधा ओझ्यासाठी किंवा विटांच्या गाडीसाठी घेतो, आणि तिथे ती फार दिवस टिकत नाही. तेव्हा घोडी घ्यायला निघण्यापूर्वीच, पैशांचा हिशेब मांडताना, तिची शेवटची वर्षे कोणाच्या दावणीला जातील हे घरात बसून ठरवावे. ते ठरत नसेल तर मुलाला जवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत घालावे आणि घोडी विकत घेऊ नये.