रॉकेटचा जमिनीवरचा रस्ता

गोवंडीहून श्रीहरिकोट्याला घरच्यांना घेऊन गाडीने जायचं म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो: टीव्हीवर सगळं स्वच्छ दिसतं, मग सुमारे साडेतेराशे किलोमीटर जाऊन धूर कशाला बघायचा? प्रश्न रास्त आहे. ‘प्रत्यक्ष बघण्याची मजाच वेगळी’ असं मोघम उत्तर देऊन तो सुटत नाही. कॅमेरे प्रक्षेपण तळाच्या अगदी जवळ असतात आणि प्रेक्षक कित्येक किलोमीटर दूर. आकाश निरभ्र असलं तरी दोन-तीन मिनिटांत रॉकेट नजरेआड होतं, आणि ढग असतील तर त्याआधीच. नुसत्या दृश्याचा हिशेब मांडला तर घरी बसणंच परवडतं. पण प्रवासाचा हिशेब फक्त शेवटच्या तीन मिनिटांवर का मांडायचा? माझं म्हणणं असं की उड्डाण बघायला रस्त्यानेच जावं, आणि रस्ता हाच निम्मा कार्यक्रम धरावा. भारतीय रॉकेटचा बराचसा इतिहास या रस्त्याच्या आजूबाजूला पसरलेला आहे. टीव्हीच्या चौकटीत तो कधीच येत नाही, आणि त्याची सुरुवात गोवंडीपासून हाकेच्या अंतरावर होते.

गोवंडी स्टेशनातून दक्षिणेकडे तोंड केलं की अणुशक्तीनगर आणि त्यामागे तुर्भ्याची टेकडी. इथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली हे शाळेत शिकवतात. भारताचा अवकाश कार्यक्रमही पहिली दहा वर्षं अणुऊर्जा खात्याच्याच घरात वाढला, हे मात्र शिकवायचं राहून जातं. १९६२ साली नेमलेली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती या खात्याच्या छत्राखाली होती, आणि खात्याचं मुख्यालय मुंबईत होतं. स्वतंत्र अवकाश खातं झालं ते १९७२ मध्ये. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे पहिले संचालक झालेले डॉ. ब्रह्म प्रकाश हे तुर्भ्यात नावारूपाला आलेले धातुशास्त्रज्ञ. अणुभट्टीसाठी धातू घडवण्याची विद्या रॉकेटच्या कामी आली. त्यांच्यानंतर १९७९ साली संचालकपद पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांकडे आलं. घन इंधन हा त्यांचा विषय. त्यांच्याच कारकिर्दीत, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

तुर्भ्याच्या पायथ्याची दुसरीही एक आठवण आहे आणि ती सोडून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अणुकेंद्राच्या शेजारी जनता कॉलनी ही मोठी वस्ती होती. शहरातून उठवलेल्या माणसांनाच तिथे वसवलं होतं. केंद्राला जागा हवी होती. वस्तीने जोकिन अर्पुथम यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं लढा दिला, आणि आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, ती वस्ती उठवून चीता कॅम्पला नेण्यात आली. पुढे झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेसाठी अर्पुथम जगभर ओळखले गेले आणि मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी ठरले. गोवंडीच्या माणसाला त्यामुळे विज्ञानाची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. ही खूणगाठ मनाशी बांधूनच निघावं, कारण रस्त्याच्या दुसऱ्या टोकालाही हीच गोष्ट भेटणार आहे.

गाडी पूर्वेला वळवण्याआधी मुलांना उत्तरेकडे बोट दाखवून दोन नावं सांगावीत: विक्रोळी आणि पवई. घाटकोपरच्या पलीकडे विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिनं बनतात. हे इंजिन मूळ फ्रान्सच्या ‘वायकिंग’वरून आलं. १९७४ च्या करारानुसार आपले अभियंते फ्रान्सला गेले, तिथल्या कामात हातभार लावला आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान घेऊन आले. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा या इंजिनावर चालतो. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. पवईत लार्सन अँड टुब्रोने मोठ्या रॉकेटच्या मोटरांची केसिंग म्हणजे पोलादी आवरणं बनवली. लोकलच्या दारात उभं राहून रोज ज्या स्टेशनांवरून आपण जातो, त्यांच्या आसपास चंद्रावर जाणाऱ्या वाहनाचे सुटे भाग घडतात. कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत ही ओळ नसते. पुस्तिकेत राणीची बाग असते.

वाशीच्या पुलावर डावी-उजवीकडे ठाण्याची खाडी, आणि हिवाळ्यात चिखलावर रोहित पक्षी. रोहिताला मराठीत अग्निपंखही म्हणतात, आणि डॉ. कलाम यांच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद याच नावाने घराघरांत पोचलेला आहे. या प्रवासात हा पक्षी तीनदा भेटू शकतो: ठाण्याच्या खाडीत, भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर आणि शेवटी श्रीहरिकोट्याच्या दाराशी पुलिकत सरोवरात. घाट आणि पुणे यांबद्दल पुष्कळांनी लिहिलेलं आहे. तिथे चहापुरतं थांबावं आणि भिगवणनंतर महामार्ग सोडून दक्षिणेला वळावं. उसाच्या शेतांमधून रस्ता वालचंदनगरला जातो.

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२ चा. इंग्रजी अमलात जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने देशी भांडवलावर उभे करण्याचा ध्यास या एका माणसाने घेतला. बंगळुरूचा विमान कारखाना १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने काढला. पुढे तोच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा पाया ठरला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या या कोरड्या मुलखात त्यांनी साखर कारखाना आणि वसाहत उभारली. साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता इथल्या कारागिरांचा हात जाड पोलाद वाकवण्यावर, जोडण्यावर आणि तासण्यावर बसला, आणि १९७० च्या दशकात तोच हात रॉकेटच्या केसिंगकडे वळला. एसएलव्ही-३ पासून एलव्हीएम-३ पर्यंतच्या मोटरांची आवरणं इथून गेली आहेत. एलव्हीएम-३ च्या बाजूच्या प्रत्येक मोटरीत दोनशे टनांहून अधिक घन इंधन भरतात. तिचा व्यास ३.२ मीटर, आणि आवरणाची जाडी बोटाएवढीही नसते. हे आवरण जाड करून चालत नाही, कारण तो भार रॉकेटलाच उचलावा लागतो. पातळ करूनही चालत नाही, कारण आत वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो. एका वेल्डिंगमधली केसभर चीर सगळं संपवू शकते. यासाठी लागणारं मारेजिंग पोलाद हैदराबादच्या मिश्र धातु निगममध्ये तयार होतं. म्हणजे आपण ज्या दिशेने चाललो आहोत तिकडून पोलाद इकडे येतं, आणि घडलेली आवरणं पूर्व किनाऱ्याकडे जातात. कारखाना पाहुण्यांसाठी उघडा नसतो. फाटकाबाहेर एखादं जुनं आवरण आणि चार ओळींची पाटी असती तरी शाळांच्या सहली इथे थांबल्या असत्या.

भारतीय रॉकेटचा इतिहास ज्या दोन छायाचित्रांवर उभा केला जातो त्यांत असं गाव कुठेच नसतं. एकात सायकलवर रॉकेटचं टोक आहे, दुसऱ्यात बैलगाडीवर ‘ॲपल’ उपग्रह. गरिबीतून वर आलेल्या देशाची गोष्ट म्हणून ती दाखवली जातात. पण १९८१ ची ती बैलगाडी वाहन नाही म्हणून आणलेली नव्हती. अँटेनाच्या चाचणीसाठी धातू नसलेला पाट हवा होता, आणि लाकडी गाडी त्या कामाला योग्य होती. तो विचारपूर्वक केलेला प्रयोग होता. इतिहासकार असिफ सिद्दीकी यांनी केरळातल्या थुंबा या प्रक्षेपण केंद्राबद्दल वेगळी मांडणी केली आहे. त्यांच्या मते ते केंद्र निव्वळ राष्ट्रीय स्वप्नातून उगवलेलं नाही, अनेक देशांच्या वैज्ञानिक गरजांनी ती जागा घडवली. थुंब्यापुरतं हे मान्य करायला हवं. चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून जगाला ती जागा हवी होती. २१ नोव्हेंबर १९६३ चं पहिलं रॉकेट अमेरिकेचं होतं आणि त्यातलं उपकरण फ्रान्सचं. पण तीच फूटपट्टी पुढच्या काळाला लावली तर ती आखूड पडते. उधार मिळालेलं रॉकेट सोडणं आणि दर काही महिन्यांनी स्वतःचं रॉकेट उभं करणं यांमधलं अंतर कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने कापलेलं नाही. ते विक्रोळीच्या, पवईच्या आणि वालचंदनगरच्या कामगारांनी कापलं. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत आणि परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासात लेथवरचा माणूस दिसत नाही. रस्त्याने गेलं की तो दिसतो.

रॉकेटचा प्रवास खरोखर जमिनीवरच सुरू होतो याचा पुरावा हवा असेल तर २०२० ची गोष्ट आठवावी. तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्रासाठी बनवलेलं सुमारे ७० टनांचं ऑटोक्लेव्ह हे प्रचंड यंत्र ७४ चाकांच्या ट्रेलरवर महाराष्ट्रातून निघालं आणि जवळपास वर्षभराने, जुलै २०२० मध्ये, पोचलं. दिवसाला मोजके किलोमीटर. वाटेत विजेच्या तारा बाजूला कराव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, आणि त्यातच टाळेबंदी आली. पृथ्वीच्या कक्षेत पोचायला रॉकेटला वीस मिनिटंही पुरतात. त्याच्या सामानाला केरळात पोचायला वर्ष लागलं.

सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा ही मुक्कामाची गावं. चारमिनार यावेळी राहिला तरी चालेल. नेल्लोरहून चेन्नईच्या दिशेने खाली आलं की सुल्लुरपेट. गाव लहान आहे, लॉज मोजकी आहेत आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री खोली मिळण्याच्या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नये. नेल्लोर किंवा चेन्नईला उतरून पहाटे निघणं शहाणपणाचं. देशभरातून माणसं येतात त्या ठिकाणी साधी स्वच्छ यात्रीनिवासं अजून पुरेशी नाहीत, याबद्दल तक्रार करायलाच हवी. सुल्लुरपेटहून पुलिकतच्या उथळ पाण्यामधून सरळ रस्ता श्रीहरिकोटा बेटावर जातो, आणि इथे मुलं हमखास विचारतात: रॉकेट मुंबईच्या समुद्रावरून का सोडत नाहीत? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला तिचा वेग आयता मिळतो, श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे ४५० मीटर. मुंबईहून पूर्वेला सोडलं तर जळके टप्पे दख्खनच्या गावांवर पडतील. इथे समोर बंगालचा उपसागर आहे. ९ ऑक्टोबर १९७१ ला इथून पहिलं छोटं रॉकेट उडालं आणि २९ जानेवारी २०२५ ला मोठ्या रॉकेटचं शंभरावं प्रक्षेपण झालं.

समोर समुद्र होता, पण बेट रिकामं नव्हतं. श्रीहरिकोट्याच्या जंगलात यानादी आदिवासी राहत होते, मासे आणि जंगलातल्या वस्तूंवर जगत होते. सुमारे ४३ हजार एकरांचं केंद्र उभं राहताना त्यांच्या वाड्या हलल्या. काहींना केंद्रात मजुरी मिळाली, पण जंगलावरचा हक्क गेला. यावर कोणी म्हणेल की मग या रॉकेटचं कौतुक करायला जायचंच कशाला. हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. जनता कॉलनी उठलेली पाहिलेल्या भागातून आलेल्या माणसाने तो उडवून लावू नये. पण न जाण्याने यानाद्यांचं काही परत येत नाही, उलट त्यांची गोष्ट विचारणाराही उरत नाही. ज्यांनी जमीन दिली, ज्यांनी पोलाद घडवलं आणि ज्यांच्या करातून इंधन भरलं, त्यांचा या उड्डाणावर हक्क आहे. २०१९ मध्ये बांधलेल्या पाच हजार आसनांच्या गॅलरीत बसणं हा तो हक्क बजावण्याचा साधा मार्ग आहे.

उड्डाण पुढे ढकललं तर? ढकललं जातं. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ ची उलटी गणती ५६ मिनिटं शिल्लक असताना थांबली आणि यान २२ तारखेला दुपारी गेलं. उड्डाण फसलं तर? १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही डोळ्यांदेखत उत्तम उडालं आणि तिसऱ्या टप्प्यात बिघडलं. वालचंदनगर पाहून आलेल्या मुलाला ते थांबणं आणि फसणं जास्त कळेल, कारण एका सांध्यावर किती अवलंबून असतं हे त्याला ठाऊक असेल. आणि उडालं की आधी उजेड दिसेल. आवाज मागून येईल, दर किलोमीटरला तीन सेकंदांनी. मुलांना मोजायला सांगावं. अंतर त्यांचं त्यांनाच काढता येईल.

गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. उड्डाणाच्या काही दिवस आधी ऑनलाइन नोंदणी उघडते, जागा लवकर भरतात, आणि दारात सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. गोवंडी-मानखुर्दच्या शाळांनी वर्षातून एकदा तरी एक बस भरून न्यावी. ज्यांना स्वतःची गाडी काढता येईल त्यांनी एक दिवस जास्तीचा धरावा, आणि भिगवणच्या पुढे उजवीकडे वळायला विसरू नये.