हावड्याचा पूल

हुगळी नदीच्या एका तीरावर कोलकाता शहर आणि दुसऱ्या तीरावर हावड्याचे विशाल रेल्वे स्थानक. तेथे उतरलेल्या प्रवाशास नदी ओलांडल्यावाचून शहर गाठता येत नसे. १८७४ साली तेथे तरत्या तराफ्यांवर एक पूल बांधण्यात आला. तो सोयीचा होता खरा. परंतु मोठे जहाज आले की त्याचा मधला भाग बाजूस सारावा लागे आणि दोन्ही तीरांवर माणसे व गाड्या ताटकळत राहत. नदी आणि रस्ता यांचे हे भांडण मिटवायचे, तर पूल उंच हवा, पक्का हवा आणि त्याचा एकही खांब पात्रात नको! खांबाभोवती गाळ साचून जहाजांची वाट बुजण्याची भीती होती.

मग १५०० फुटांचे अंतर खांबावाचून कसे ओलांडावे? घराचा सज्जा पाहा. खाली आधार नसताही तो पुढे आलेला असतो, कारण त्याची मागची बाजू भिंतीत घट्ट रोवलेली असते. अभियंत्यांनी तीच युक्ती योजिली. दोन्ही तीरांवर उत्तुंग मनोरे उभारून त्यांपासून ४६८ फुटांचा एकेक पोलादी बाहू नदीवर पुढे काढावयाचा, त्याचे मागचे टोक जमिनीत जखडावयाचे आणि मधला ५६४ फुटांचा सांगाडा या दोन बाहूंनी तोलून धरावयाचा, असे ठरले.

१९३६ साली काम सुरू झाले. त्यातील सर्वांत बिकट भाग आज कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. हुगळीकाठची भूमी गाळाची. म्हणून मनोऱ्यांच्या पायासाठी विहिरींसारख्या अवाढव्य पोकळ पेट्या जमिनीत उतरवाव्या लागल्या. काम अहोरात्र चाले, तरी पेटी दिवसाकाठी फूटभर किंवा थोडी अधिक खाली जाई. कोलकात्याच्या बाजूस, पाणी आत शिरू नये म्हणून कोंडलेल्या दाबाच्या हवेत शेकडो मजूर खणत. उपसलेल्या चिखलातून जहाजांचे नांगर, तोफा, पितळी भांडी आणि कंपनी सरकारच्या काळची नाणी निघाली. एका रात्री तळाची माती अकस्मात ढळली आणि पाया एकदम दोन फूट खाली गेला. त्या हादऱ्याने काठावरचे एक देऊळ कोसळले. ते पुढे पुन्हा बांधण्यात आले.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि इंग्लंडच्या पोलादाचा भरवसा उरला नाही. तेव्हा लागणाऱ्या २६,५०० टनांपैकी २३,००० टन पोलाद टाटांच्या कारखान्याने पुरविले. वरच्या तुळयांवरून पुढे सरकणाऱ्या याऱ्या दोन्ही तीरांकडून बाहू वाढवीत नेत होत्या. मध्यभागी टोके जुळविण्यास प्रत्येकी ८०० टन शक्तीची १६ जलदाब यंत्रे लावावी लागली. सारे सांधे रिव्हिटांनी ठोकलेले, नट-बोल्ट नाहीत.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल खुला झाला. जपानी बाँबहल्ल्याच्या भयामुळे ना तोरणे, ना भाषणे. एक एकटी ट्राम निमूटपणे पलीकडे गेली, हेच उद्घाटन! १९६५ साली पुलास 'रवींद्र सेतू' हे नाव मिळाले, १९९३ साली त्यावरील ट्राम थांबली. लोकांच्या तोंडी मात्र हावड्याचेच नाव राहिले.

या पुलाला खरा उपद्रव झाला तो क्षुद्र गोष्टीचा. रस्ता तोलून धरणाऱ्या दांड्यांच्या तळाशी पोलादी आवरणे आहेत. पान खाऊन टाकलेल्या पिचकाऱ्यांनी ती अवघ्या चार वर्षांत ६ मिलिमीटरांवरून ३ मिलिमीटरांवर आल्याचे २०११ च्या तपासणीत आढळले. युद्धाला पुरून उरलेल्या पोलादाची ही गत!

कोलकात्याच्या टोकाशी, पुलाच्या सावलीतच, मल्लिक घाटाचा फुलबाजार भरतो. तेथून झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन हमाल पुलावर चढतात, आणि खालून नदी निर्वेध वाहत असते.