गार इंजिनाची गोष्ट

भाचा चाकणच्या एका कारखान्यात लागला आणि मला तळेगाव दाभाड्यास जाणे भाग पडले. ज्या चाकणातून बजाजच्या नव्या कोऱ्या मोटारसायकली बाहेर पडतात, तेथून रात्रपाळी संपवून घरी यावयास याला वाहन मिळेना! गाठीस जेमतेम पंचवीस हजार. "मामा, जुनी गाडी बघायला चला," म्हणाला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पोथीचे वय मी अक्षरावरून सांगेन. मोटारसायकलीचे काय सांगणार? पण मामाने नाही कसे म्हणावे?

पहाटेची गाडी पकडून गेलो. तळ्यावरून गार वारा येत होता. याच गावात सेनापती खंडेराव दाभाड्यांची समाधी आहे आणि लोकांच्या पैशापैशातून १९०८ साली उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखानाही येथलाच. भाच्याचे पंचवीस हजारही असेच पैशापैशाने साठलेले. ते वाया जाता कामा नयेत, एवढे मला कळत होते.

पहिली गाडी आरशासारखी लखलखीत. मीटरवर २८,००० किलोमीटर. मी खूश! बरोबरच्या मेकॅनिकने मात्र मीटरकडे पाहिलेच नाही. त्याने इंजिनाला हात लावला. "गरम आहे. आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय." मग फूटरेस्टचे गुळगुळीत झालेले रबर आणि झिजून चकाकणारा ब्रेकचा पाय दाखवला. "सर, मीटर बदलता येतो. पायाखालचं रबर कोण बदलतो?" अॅक्सिलरेटर पिळताच निळसर धूर निघाला. म्हणजे रिंगा झिजून ऑइल जळत होते.

दुसरी गाडी एका दूधवाल्याची. रंग उडालेला, मीटरवर ९६,०००! मी मागे सरलो. मेकॅनिक पुढे सरसावला. इंजिन गार होते; दुसऱ्या किकला सुरू झाले. धूर नाही, खडखड नाही. मालकाने वही काढली. ऑइल कधी बदलले, त्याच्या तारखा ओळीने लिहिलेल्या. इंजिन एकदाही उघडलेले नव्हते.

"सिलिंडर झिजला की पाव मिलिमीटर मोठा करून मोठा पिस्टन बसवतात. त्याला बोअर म्हणतात," मेकॅनिक म्हणाला. "हिचा पहिला बोअरसुद्धा व्हायचाय." चेन-स्प्रॉकेटचे दाते मात्र वाकले होते, तेवढे पैसे किमतीतून वजा झाले. चासी नंबर कागदांशी ताडून पाहिला. नोंदणीची पंधरा वर्षे भरायला अजून सहा वर्षे होती.

दोघे बसून चाकण रस्त्याने इंदोरीपर्यंत गेलो. इंद्रायणीकाठी दाभाड्यांच्या गढीचा दरवाजा अजून दिमाखात उभा आहे; आत जुने बांधकाम फारसे उरलेले नाही. मला ती लखलखीत गाडी आठवली.

परतल्यावर मेकॅनिकने इंजिनाखाली वाकून ऑइल गळते का पाहिले आणि मान डोलावली. "किती वर्षं चालेल?" मी विचारले.

"मालकाची वही तुम्ही पुढे चालवलीत, तर बरीच. गाडीची तब्येत सकाळी गार असतानाच कळते, सर."

त्या रात्री मी बहिणीकडेच राहिलो. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधीच, मला खोकल्याची मोठी उबळ आली. भाचा अंगणात गाडी पुसत होता. तो हात थांबवून माझ्याकडे पाहू लागला.

"मामा," तो गंभीरपणे म्हणाला, "तुमची वही कुठाय?"