फळीवरचे तीन आठवडे

कंबर धरली की गादी काढून फळीवर निजावे आणि हलू नये, हे शास्त्र आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून चर्चमधील बाक उचलताना उसण भरली, तेव्हा आम्ही तीन आठवडे फळीवर काढले. एका माउलीने पायाळू माणसाची लाथ घ्या असेही सुचविले, तेवढे टाळले. दुखणे हटेना, वाकण्याचे भय मात्र वाढले. वेदीपुढे गुडघा टेकवतानाही आम्ही कठडा शोधू लागलो.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "फादर, उठा, चाला." आम्हांला रागच आला. पुढे वाचनात आले की १९९५ साली हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात, दोन दिवस अंथरुणावर ठेवलेल्यांपेक्षा झेपतील तशी नित्याची कामे करणारे लवकर सावरले. फळीचा अभिमानही गळाला: २००३ साली स्पेनमधील अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादी सरस ठरली. आणि 'चकती सरकली' या शब्दांनी हबकणाऱ्यांसाठी: १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांत चकती फुगलेली आढळली!

मात्र कंबरदुखीसोबत पाय लुळे वा जांघ बधिर पडू लागली, लघवीवरील ताबा सुटला किंवा ताप आला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मिस्सेनंतर आम्ही आता आवारात फेऱ्या मारतो. फळी माळ्याने कुंड्यांखाली घातली आहे.