त्यांनी आधी नाव विचारलं

महापालिका म्हटलं की पाणीपट्टी, कचऱ्याची गाडी आणि खड्डे एवढंच मला सुचायचं. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांचीही तिच्यावर काही जबाबदारी असते, हे पुण्यात समाजकार्य शिकायला आल्यावरही मला ठाऊक नव्हतं. ते शिकवलं समाज विकास विभागातल्या एका समूह संघटिकेनं. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्यांचं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही.

थंडीत चादरी वाटणाऱ्या मुलामुलींच्या गटात मी होते. ताईंनी आम्हाला अडवलं नाही. फक्त विचारलं, "मागच्या आठवड्यात इथे कोण देऊन गेलं?" आम्ही गप्प. त्यांच्या वहीत मात्र सगळं होतं. स्वारगेटच्या एकाच फुटपाथवर तीन-तीन गट येऊन जात होते, आणि रुग्णालयाबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांकडे कुणीच फिरकत नव्हतं. त्यांनी सगळ्या गटांना एकत्र बसवून वार आणि जागा वाटून दिल्या. एवढं साधं काम, पण ते महापालिकेच्या माणसानं बोलावलं म्हणूनच झालं.

मग त्या मला रात्रीच्या सर्वेक्षणाला घेऊन गेल्या. दिवसा ही माणसं हमालीला, कचरा वेचायला, मांडवात वाढायला गेलेली असतात. म्हणून तर 2011च्या जनगणनेतही बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली होती आणि देशभरात सतरा लाखांवर माणसं मोजली गेली होती. ताई माणसाजवळ खाली बसायच्या, आधी नाव विचारायच्या, मग काम. निवाऱ्याचा विषय सगळ्यात शेवटी. लोक नाही म्हणायचे, तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं. ताई कारण विचारायच्या. बाजारात पहाटे माल उतरवायला जाणाऱ्याला निवारा लांब पडायचा. हातगाडी कुठे ठेवायची, हा दुसऱ्याचा प्रश्न. नवरा-बायकोला वेगळं झोपायला लागणार, हा तिसऱ्याचा. आणि 1959च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली कधी उचलून नेलेल्यांना सरकारी गाडी दिसली तरी धडकी भरायची.

लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही बाराही महिने, दिवसरात्र उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी निधीही येऊ लागला. इमारत महापालिकेची, चालवायला संस्था, अशी रचना झाली. पण ती हलवायची तर रोज कुणाला तरी दारं ठोठावावी लागतात, हे मी ताईंच्या मागे फिरून पाहिलं.

एक आजी स्वतःशीच बोलत हिंडायच्या. एका दवाखान्यानं सोबत कुणी नाही म्हणून दाखल करून घेतलं नाही. मी रडकुंडीला आले होते. ताई मला पोलीस चौकीत घेऊन गेल्या. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 त्यांनी शांतपणे समोर ठेवलं: अशा व्यक्तीला संरक्षण देणं, सरकारी रुग्णालयात पोचवणं आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हे पोलिसांचं काम आहे. आजी दाखल झाल्या. परतताना ताई म्हणाल्या, "भांडायचं नाही गं, ज्याचं काम आहे त्याच्या हातात द्यायचं." माझ्या नोकरीची दिशा त्या दिवशी ठरली.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं आणि शाळांचे वर्ग रातोरात निवारे झाले. कुठला गट कुठे जेवण देऊ शकेल, कोणाला मधुमेहाची गोळी लागते, हे ताईंच्या त्या वह्यांमुळेच आम्हाला लगेच सांगता आलं.

आता मी एका निवाऱ्याच्या व्यवस्थापन समितीवर आहे. नव्या रहिवाशाचं आधार निवाऱ्याच्या पत्त्यावर काढायचं, मग बँक खातं, मग निराधार योजनेचा अर्ज, हा क्रम त्यांनीच लावून दिलेला. समितीत रहिवाशांचे प्रतिनिधी बसतात. ताई निवृत्त आहेत, पण बैठक झाली की फोन येतो. निधी आला का, हे त्या नंतर विचारतात. आधी विचारतात, रहिवाशांपैकी कोण बोललं आणि काय म्हणालं.